पोटगी मागताना: 'नोकरीच सोडली' म्हणणाऱ्या नवऱ्याचं काय?

प्रश्न : आठ महिन्यांपासून मुलीला घेऊन विक्रोळीला माहेरी राहते. नवरा नाशिकला. एक पैसा पाठवत नाही. विचारलं तर 'नोकरी सोडली' म्हणतो. घटस्फोट नको आहे. मी शिकवण्या घेते, सात-आठ हजार मिळतात. पोटगी मिळेल का, आणि त्यासाठी नाशिकला खेपा घालाव्या लागतील का?

उत्तर : घटस्फोट न मागताही पोटगी मिळते आणि नाशिकला जायची गरज नाही. पत्नी जिथे राहते तिथेच अर्ज चालतो. तुमच्यासाठी वांद्रे-कुर्ला संकुलातलं कुटुंब न्यायालय. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं पोटगीचं कलम 125 आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 144 झालंय. मुलीसाठीही त्याच अर्जात मागा आणि सोबत अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या पोटगीचा अर्ज जोडाच. तो नोटीस बजावल्यापासून शक्यतो 60 दिवसांत निकाली काढावा, असं कायदा म्हणतो. तारखा लांबतात, हे खरं. पण सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची असं ठरवून दिलंय. म्हणून 'बघू, समजूत पटेल' करत घालवलेले महिने सहसा बुडीतच जातात.

त्याच निकालाने दोघांनाही मिळकत आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र सक्तीचं केलं. अर्ज लंगडा पडतो तो बहुधा इथेच. शिकवण्यांचे पैसे लपवू नका. ते बँकेच्या स्टेटमेंटमध्ये किंवा यूपीआयच्या नोंदीत सापडले की बाकीच्या खऱ्या आकड्यांवरही कोणी विश्वास ठेवत नाही. तेवढ्या कमाईने हक्क जात नाही, रक्कम थोडी कमी होऊ शकते. शाळेच्या फीच्या, औषधांच्या पावत्या लावा. 'खर्च अंदाजे' लिहून भागत नाही. नवऱ्याची जुनी सॅलरी स्लिप, गाडीचे किंवा घराचे हप्ते, जे हाती असेल ते द्या. धडधाकट माणसाने नोकरी सोडली म्हणून जबाबदारी सुटत नाही. न्यायालय कमावण्याची कुवतही बघतं.

हुकूम होऊनही पैसे आले नाहीत, तर थकबाकी झाल्यापासून वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करा. थकलेल्या प्रत्येक महिन्यापोटी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि कैद भोगली तरी देणं फिटत नाही. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

प्रश्न : 2019 मध्ये गिरगावची खोली मुलाला बक्षीसपत्राने दिली. आता तो आम्हा म्हाताऱ्यांना निघा म्हणतो. परत मिळेल का?

उत्तर : आधी बक्षीसपत्र वाचा. 'आईवडिलांचा सांभाळ करण्याच्या अटीवर' असं काही लिहिलेलं असेल, तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 खाली ते रद्द करून मागता येतं. अट लिहिलेली नसेल तर प्रकरण अवघड. नुसतं 'प्रेमापोटी' पुरत नाही. दरमहा 10,000 रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मात्र अटीशिवायही मागता येतो. अर्ज प्रांत अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात, स्वतःच करता येतो.