जीवशास्त्राचं अवघड संशोधन गावकऱ्यांना कळेल असं पोस्टरवर कसं मांडायचं? डिझायनरला कधी बोलवावं?

तुम्ही लिहिलंय, माकडतापावरचं (गोचिडीतून पसरणाऱ्या विषाणूच्या तापावरचं) तुमचं संशोधन बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या गावांसाठी पोस्टरवर आणायचंय, मजकूर तयार आहे, "आता फक्त छान डिझाइन" हवंय, तर कोणतं सॉफ्टवेअर बरं. सॉफ्टवेअरचं शेवटी सांगतो. आधी त्या "आता फक्त"बद्दल बोलू, कारण बेळगावात हे काम करताना तो शब्द कायम ऐकावा लागतो आणि तो साफ चुकीचा आहे.

याच विषयाचं एक पोस्टर माझ्याकडे आलं होतं. मजकूर पक्का, सोबत पाठ्यपुस्तकातलं गोल जीवनचक्र: अंडी, अळी, निंफ (अळी आणि प्रौढ यांच्या मधली अवस्था), प्रौढ गोचीड, मधे माकड, कडेला माणूस आणि सगळीकडे एकाच जाडीचे काळे बाण. संशोधकांचं म्हणणं, "शास्त्र बरोबर आहे, तुम्ही रंग भरा." मजकुरातलं शास्त्र बरोबर होतंच. पण चित्रातल्या एकाच बाणाचे चार अर्थ होत होते: अळीची निंफ होते, गोचीड माकडाचं रक्त पिते, विषाणू माकडातून गोचिडीत जातो, गोचीड माणसाला चावते. खानापूरच्या जांबोटी भागात मजकूर झाकून तेच चित्र दाखवल्यावर लोकांनी सरळ वाचलं, माकड चावलं की ताप येतो. असं समजणारा माणूस जिवंत माकडं हाकलत बसेल आणि मेलेल्या माकडाशेजारचा पाला बिनधास्त गोळा करेल. खरा धोका तर तिथंच, कारण माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी आजूबाजूला उतरतात.

म्हणून एका बाणाला एकच अर्थ. विषाणूसाठी जाड केशरी, वाढीसाठी बारीक करडा, रक्त पिण्यासाठी तुटक रेघ. हे ठरवताना प्रश्न निघाला, गुरांकडे कोणता बाण न्यायचा? प्रौढ गोचिडी गुरांवर पोसल्या जातात, त्यांची संख्या तिथं वाढते, पण विषाणू जोमाने वाढतो तो माकडात. म्हणजे गुरांकडे केशरी बाण नाही. मजकुरात हे एका वाक्यात दडपून गेलं होतं, चित्रात दडपता येत नाही. माणसापाशी केशरी बाण संपतो आणि पुढे आडवी रेघ, कारण हा ताप माणसाकडून माणसाला लागत नाही. ती रेघ नसेल तर रोग्याला वाळीत टाकतात.

गोलसुद्धा मोडा. गोलात महिना दिसत नाही. बारा महिन्यांची आडवी पट्टी घ्या: पावसाळ्यात प्रौढ, पाऊस सरल्यावर अळ्या, डिसेंबर ते मे निंफ. त्याखाली माणसाची कामं: जळण, सुका पाला, मार्चपासून काजू. दोन्ही पट्ट्या जिथं एकमेकींवर येतात तेवढाच भाग रंगवा, बाकी सगळं करडं ठेवा. रंग माहिती सांगायला असतो. लाल-हिरव्याची जोडी टाळा, निळा-केशरी घ्या, रंगांधळ्यालाही फरक कळतो.

निंफ तिळापेक्षा लहान, एक-दीड मिलिमीटरची. मोठं करून आठ पायांसह काढा (अळीला सहाच असतात) आणि शेजारी खऱ्या आकाराचा ठिपका द्या. ए-तीनची फाइल तीन फुटी फ्लेक्सवर ताणली की ठिपकाही ताणला जातो, तेव्हा दर मापाला तो नव्याने बसवा. माकड आणि वानर दोन्ही काढा, हा रोग दोघांनाही मारतो. तयार चित्रसंग्रहातली परदेशी माकडं इथं कोणी ओळखत नाही.

मराठी आणि कन्नड मजकूर अर्धा-अर्धा वाटू नका, प्रत्येक चित्रालगत दोन्ही नावं द्या. कन्नडचे ओत्तक्षर (जोडाक्षरात खाली लिहायचं अक्षर) ओळीखाली उतरतात आणि पुढच्या ओळीला भिडतात, म्हणून दोन ओळींतलं अंतर अक्षराच्या दीडपट ठेवा. दहा फुटांवरून वाचायचं अक्षर इंचभर हवं.

तपासताना "समजलं का?" विचारू नका, सगळे हो म्हणतात. "यात काय होतंय?" असं विचारा आणि गप्प राहा.

आता सॉफ्टवेअर. इंकस्केप फुकट आहे आणि जोडाक्षरं नीट दाखवतं. छापायला देताना अक्षरांचे कर्व्ह करून (म्हणजे अक्षरांचं चित्र करून) पीडीएफ द्या, नाहीतर फ्लेक्सवाल्याच्या कोरलड्रॉमध्ये फाँट बदलून वेलांट्या उडतात. मूळ फाइल वेगळी जपा, कर्व्ह केलेला मजकूर पुन्हा दुरुस्त होत नाही.

हे सगळं गावातल्या पोस्टरचं. शोधनिबंधातल्या आकृतीत आलेख आणि सूक्ष्मदर्शकाची छायाचित्रं यांना एवढी मोकळीक नाही: उजेड वाढवायचा तर पूर्ण चित्राचा सारखा वाढवा, आकार सांगणारी मोजपट्टी पुसू नका.

आणि डिझायनरला मजकुराआधी बोलवा. संशोधनाच्या अनुदानाचा अर्ज करतानाच चित्रांची रक्कम वेगळी दाखवा, त्याचं नाव पोस्टरवर घाला. छपाईच्या आदल्या आठवड्यात बोलावलेल्या माणसाला बाणाचा अर्थ विचारायला वेळच उरत नाही.