रोज प्रार्थना करूनही वागण्यात फरक पडत नसेल, तर काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की रोज सकाळी अर्धा तास बायबल वाचता, प्रार्थना करता, तरी दिवसभर तशीच चिडचिड होते आणि एका नातेवाइकाबद्दलचा राग काही जात नाही. मग या प्रार्थनेचा उपयोग काय, आणि देवाच्या आज्ञेत राहायचं म्हणजे रोज करायचं तरी काय?

मी पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, नाही. रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराजवळ माझं किराणा दुकान आहे. बोटी ट्रिपला निघतात तेव्हा तांदूळ, तेल, कांदे, चहापावडर आमच्याकडून भरतात. त्यामुळे जे सांगतोय ते गल्ल्यावर बसून कळलेलं आहे, तेवढंच.

आमच्या घरी रात्री जेवणाआधी कौटुंबिक प्रार्थना असते. वडील होते तोवर ते पेटी वाजवायचे. ‘उपासना संगीत’ हे आमचं मराठी ख्रिस्ती गीतांचं पुस्तक उघडायचं आणि बहुतेक वेळा कवी ना. वा. टिळकांचं एखादं गीत म्हणायचं. हे टिळक मूळचे आमच्याच जिल्ह्यातल्या करजगावचे. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. वडील त्यांना ‘आपले टिळक’ म्हणायचे, आणि रत्नागिरीत असं म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे भलतेच टिळक उभे राहतात. असो. गीत झालं की सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना: ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे, आणि जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांला सोड.’

वडिलांच्या डोक्यामागे, फळीवर, उधारीची लाल वही असायची. चाळीसेक वर्षं मी ती ओळ म्हटली आणि ती वहीही पाहिली. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध असेल असं कधी मनातसुद्धा आलं नाही.

ही ओळ बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातली. लूकच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात तिथे ‘पापांची क्षमा’ आहे, पण मत्तयाच्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ सरळ कर्ज, देणं असाच आहे. आणि मराठीत क्रियापद बघा: ‘सोडले आहे’. सोडू, सोडायचा प्रयत्न करू, असं नाही. आधी सोडून आलोय, आता मागतोय. प्रार्थना संपल्या संपल्या येशू तिच्यातल्या एकाच मागणीवर पुन्हा बोलतो, ती हीच. भाकरीवर बोलत नाही, मोहावर बोलत नाही. तुम्ही क्षमा केली नाही तर पिताही करणार नाही, एवढं बजावतो.

२०२१च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं. आमच्याकडचे एक तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, वयाने मोठे, आम्ही त्यांना चाचा म्हणतो, त्यांच्या बोटीचं बरंच नुकसान झालं. पाठोपाठ १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी. वहीत त्यांच्या नावावर बेचाळीस हजार होते. ऑगस्ट आला, बोटी निघाल्या, पण चाचा काही दुकानाकडे फिरकले नाहीत. दुकानासमोरून जाणं टाळून मागच्या गल्लीने जाऊ लागले. मला वाटलं, हे बुडवणार. गिऱ्हाइकांसमोर एकदोनदा बोललोही तसं. ते त्यांच्या कानावर गेलं असणार. बंदरात काय लपून राहतं?

याच दिवसांत माझ्या लक्षात आलं की रात्री ‘ऋण्यांस’ शब्द आला की मी भरभर म्हणतो. ती ओळ उडवून पुढे जातो. मुलीने एकदा विचारलं, पप्पा, इथे घाई का करता?

म्हणून तुम्हाला पहिलं हेच सुचवीन. अर्धा तास वाढवून एक तास करू नका. वाचताना, प्रार्थना करताना तुमचा आवाज कुठल्या वाक्याशी बारीक होतो, कुठलं वाक्य तुम्ही पटकन उरकता, ते बघा. तुमच्या बाबतीत ते त्या नातेवाइकापाशीच असेल असा माझा अंदाज आहे. मन लागत नाही, कोरडं वाटतं, त्याची एवढी काळजी करू नका. बायबलातल्या स्तोत्रसंहितेत ‘परमेश्वरा, कुठवर विसरणार मला?’ अशी तक्रार उघड केलेली आहे आणि ती प्रार्थनाच आहे.

पुढे काय करायचं ते मत्तयाच्या पाचव्या अध्यायात जवळजवळ पत्ता दिल्यासारखं लिहिलंय: वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा, समेट कर, मग ये. मला हे पाठ होतं. तरी जायला तीन महिने लागले. द्राक्षमळ्यात जायला आधी ‘नाही’ म्हणून मग गेलेला एक मुलगा येशूच्या एका दाखल्यात, म्हणजे बोधकथेत, आहे, मी त्याच्याच जातीचा.

गेलो तेव्हा चाचा धक्क्यावर जाळं विणत बसले होते. म्हटलं, चाचा, मी लोकांत तुमच्याबद्दल वाईट बोललो, ते चुकलं माझं. आणि ते पैसे सोडले मी, नाव खोडतो.

मला वाटलं होतं, त्यांच्या डोळ्यांत पाणी येईल. ते भडकले. म्हणाले, “पहिलं बोललास ते ठीक. दुसरं बोलू नको. आमच्या कुराणातही लिहिलंय, कर्जदार अडचणीत असेल तर त्याला मुदत द्या. मुदत दे मला. सदका नको, दान नको.”

कुराणाच्या त्याच आयतीत, म्हणजे वचनात, पुढे, सोडून दिलंत तर ते अधिक चांगलं, असंही आहे. पण ते काही त्यांनी मला सांगितलं नाही, मला नंतर कळलं.

घरी येताना थोडा चिडलोच होतो. मोठेपणा करायला गेलो आणि तो कुणी घेतला नाही. मग कळलं की त्यांना खरं हवं होतं ते पहिलं वाक्य, आणि तेच उच्चारताना माझी जीभ जड झाली होती. पैसे सोडणं मला तुलनेने सोपं गेलं. तुमच्याकडे कदाचित उलटं असेल.

आता चाचा समोरच्या रस्त्याने येतात. कधी पाचशे, कधी हजार देतात, मी वहीत जमा करतो. चिडचिड म्हणाल तर आज सकाळीच माल उतरवणाऱ्या पोरावर ओरडलोय. परवा चाचांनी पिशवीभर बांगडे आणून दिले आणि पैसे घेतले नाहीत. हे वहीत कसं मांडायचं, असं बायकोला विचारलं. ती बांगडे साफ करत होती. म्हणाली, “मांडायचं कशाला? आधी कोकम काढून द्या.”