थिनर 'त्वचेला त्रासदायक' आहे की नाही हे कसं ठरवायचं? सशावरची चाचणी करावीच लागते का?

तुम्ही लिहिलंय की पेंट लाइनवरच्या मिक्स थिनरच्या एसडीएसमध्ये (रसायनासोबत येणारं सुरक्षा माहितीपत्रक) त्वचेबद्दल अक्षरही नाही, पोरांचे हात मात्र फुटतायत, आणि मॅनेजर म्हणतात, सशाचा रिपोर्ट आणा मग लेबल बदलू. हे शेवटचं वाचलं आणि लिहायला बसले. हेच उत्तर मला तोंडावर दिलं गेलं होतं आणि ते साफ चुकीचं आहे.

सशाची गरज नाही. एसडीएसचा तिसरा विभाग उघडा, घटक आणि टक्के बघा. टोल्युइन, झायलीन, एन-हेक्झेन या तिन्हींना युरोपच्या रसायन-वर्गवारीच्या यादीत एच३१५ हा धोक्याचा कोड लागलेला आहे, म्हणजे त्वचा जळजळ, कॅटेगरी २. मिश्रणात अशा घटकांची बेरीज १० टक्के किंवा वर गेली की अख्खं मिश्रण कॅटेगरी २. बेरीज, बरं का.

अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी सेफ्टी बघायचे. जिग (रंगवताना वस्तू टांगायच्या चौकटी) सफाईवर एक मामा होते, वयानं माझ्या वडिलांएवढे, मूळ चिपळूणकडचे. एक दिवस केबिनच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, मशीनवर अंगठाच लागत नाही ओ. पगार कापलाय." हजेरीचं मशीन त्यांचा ठसा घेत नव्हतं, म्हणून कागदोपत्री ते अर्धा दिवस गैरहजर. मी त्यांचा हात उजेडात धरला. अंगठ्याच्या आणि पहिल्या बोटाच्या टोकाशी रेषाच उरल्या नव्हत्या, कातडी गुळगुळीत आणि पांढरट, पेरांवर उभ्या चिरा, एकीत रक्त सुकलेलं. अंगठीखाली लाल गोल पट्टा, कारण थिनर तिथे शिरतं आणि उडून जायला जागाच नसते. बोटं जिथे फडकं धरतात नेमक्या तिथेच हे सगळं. तळहाताचा मधला भाग चांगला होता.

मी टाइम ऑफिसमधून रजिस्टर मागवलं. 'थंब नॉट रीड' शेरा असलेली नावं काढली, तर जवळपास सगळी जिग सफाई आणि टच-अपची. पॅकिंगमधलं कुणी नाही, प्रेस शॉपमधलं नाही. गणपतीला कोकणात लांब रजेवर गेलेली माणसं परत आल्यावर त्यांचा अंगठा पहिल्या फटक्यात लागत होता, आणि काम सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत पुन्हा बंद. कामावर असताना वाढतं, सुट्टीत उतरतं. हाताचा आजार कामामुळे आहे का, हे कुठलाही व्यवसायरोगाचा डॉक्टर पहिल्यांदा याच प्रश्नानं तपासतो.

हे कागद घेऊन मी प्रॉडक्शन मॅनेजरांकडे गेले. ते म्हणाले, थंडीत सगळ्यांचेच हात फुटतात. भाद्रपदात कसली आली थंडी? मग त्यांनी एसडीएसच्या अकराव्या विभागातला त्वचेमार्गे एलडी५० चा (निम्मे प्राणी मरतील त्या डोसचा) आकडा दाखवला, "बघा, किती सेफ आहे." हा घोळ मी इतक्या ठिकाणी पाहिलाय की आता स्पष्टच सांगते. त्वचेतून शरीरात जाऊन जीव घेण्याचा आकडा वेगळा आणि त्या जागची कातडी लाल होऊन सुजणं वेगळं. एकाचं उत्तर दुसऱ्याला लागू होत नाही. पीएच ७ आहे म्हणून निर्धोक, हेही तसलंच. ज्या थिनरमध्ये पाणीच नाही त्याचा पीएच कुठून आणला?

शेवटी त्यांनी तुमच्या मॅनेजरांचंच वाक्य टाकलं. सशाचा रिपोर्ट.

तर ही चाचणी काय असते तेही कळू द्या. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची ४०४ क्रमांकाची पद्धत, मूळ ड्रेझ यांच्या १९४४ च्या पद्धतीतून आलेली. भादरलेल्या कातडीवर अर्धा मिली द्रव, ४ तास, एकदाच. पट्टी काढल्यावर २४, ४८ आणि ७२ तासांनी लाली आणि सूज यांना ० ते ४ गुण. तीनपैकी निदान दोन सशांमध्ये लालीची किंवा सुजेची सरासरी २.३ किंवा जास्त आली तर कॅटेगरी २. त्याच पद्धतीत लिहिलंय की आधी हाती असलेली माहिती बघा, मग प्राण्याशिवायच्या चाचण्या करा. ४३९ क्रमांकाच्या पद्धतीत प्रयोगशाळेत वाढवलेली मानवी बाह्यत्वचा वापरतात. ५० टक्के किंवा त्याहून कमी पेशी जगल्या तर जळजळ करणारा पदार्थ. म्हणजे रिपोर्टच हवा असेल तर तोही सशाविना मिळतो.

आणि समजा सशाचे गुण १.८ आले असते? मामांचा हात रोज आठ तास, वर्षानुवर्षं त्या थिनरमध्ये. चार तासांच्या एका पट्टीनं त्याचं काय कळणार? ॲसिटोन घ्या. त्याला एच३१५ नाहीच, एमईकेला (मिथिल इथिल कीटोन) नाही, इथिल ॲसिटेटलाही नाही. पण ही सॉल्व्हंट कातडीतलं तेल धुऊन नेतात, म्हणून युरोपात त्यांना वेगळं वाक्य आहे, ईयूएच०६६: वारंवार संपर्कानं त्वचा कोरडी पडू शकते किंवा तिला भेगा पडू शकतात. हे वाक्य लावायला प्रत्यक्ष कामावरचं निरीक्षण पुरतं. मामांचा अंगठा हे निरीक्षणच होतं.

आमच्या थिनरमध्ये टक्क्यांच्या जागी '५ ते १०' असं मोघम छापलेलं. पुरवठादाराला लेखी विचारलं तेव्हा कळलं, टोल्युइन ८, झायलीन ६. "दोन्ही १० च्या आत आहेत मॅडम," असं तो फोनवर सांगत होता. ८ आणि ६ मिळून १४. नियमाचं पान त्याला मेल केलं, त्यानंतर सुधारित एसडीएस आला आणि ड्रमवर उद्गारचिन्हाचं लेबल लागलं. हजेरीला कार्ड आलं. मामांचे कापलेले अर्धे दिवस मात्र कुणी परत दिले नाहीत, आणि ते मला आजही सलतं.

आता काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. बेरजेचा नियम साध्या सॉल्व्हंटांना चालतो; आम्ल, अल्कली, फिनॉल किंवा ॲल्डिहाइड असेल तर तिथे १ टक्काही भारी पडू शकतो. अख्ख्या मिश्रणाची खरी चाचणी झालेली असेल तर तिचा निकाल बेरजेच्या वर. आपल्याकडे १९८९ च्या घातक रसायन नियमांत एसडीएस सक्तीचा आहे, पण जीएचएसची (रसायनांच्या धोक्यांची जागतिक पद्धत) वर्गवारी तशी सक्तीची नाही, त्यामुळे पुरवठादार हात वर करू शकतो. पुरळ फडक्याच्या जागेपलीकडे पसरत असेल तर ॲलर्जीचा संशय घ्या, तो वर्गच निराळा. टोल्युइनचा मोठा धोका तर श्वासातून आहे, गरोदर बाईला त्या खात्यात ठेवूच नका.

लेबलाची वाट न बघता दोन कामं आजच करा. शिफ्ट सुटताना थिनरनं हात धुणं बंद करा, जागेवर साबण आणि साधं व्हॅसलीन ठेवा. ते पातळ सर्जिकल हातमोजे फेकून द्या. थिनर त्यातून आत जातं आणि आत कोंडून जास्त भाजतं. ॲसिटोनला ब्यूटिल रबर चालतं, टोल्युइनला तेच टिकत नाही, म्हणून मिक्स थिनरला अनेक थरांचे लॅमिनेट मोजे आत आणि वरून पकडीचे, असं करावं लागतं. महाग पडतात, मॅनेजर कुरकुरतील.

आणि डॉक्टर. कंपनीचा डॉक्टर बहुतेक वेळा 'फंगल' लिहून स्टेरॉइडची ट्यूब देतो. त्याच्यासमोर एसडीएस ठेवा आणि केसपेपरवर 'कॉन्टॅक्ट डर्मटायटिस' (स्पर्शानं होणारा त्वचादाह) हे शब्द व रसायनाचं नाव लिहून घ्या. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या, आणि २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या कामगार संहितेच्याही, तिसऱ्या अनुसूचीतल्या कळवायच्या आजारांत रसायनं आणि रंगांमुळे होणारा त्वचादाह आहे. तो कागद टेबलावर ठेवून मॅनेजरांना विचारा, अजून ससा हवाय का.