पगार कळला, आता रिजेक्शनचं विचारा

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र वाचलं. मुलाचा मेकॅनिकल डिप्लोमा झालाय आणि दोन ठिकाणी काम मिळतंय. चाकणच्या मोठ्या कारखान्यात कंत्राटी ऑपरेटर, पगार २२ हजार, शिवाय बस आणि कँटीन. दुसरीकडे भोसरीतली छोटी टूल रूम, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवणारं वर्कशॉप, पगार १५ हजार, जाण्यायेण्याचा खर्च आपला. त्याचा ओढा भोसरीकडे, घरच्यांचा चाकणकडे. तुम्ही विचारता, 'हुशार मुलगा कुठेही असला तरी पुढे जातोच ना?'

आपोआप जात नाही, ताई. चाकणला जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, मशीनवर लावायचा, बटण दाबायचं, जॉब काढायचा आणि ऑफसेटला, म्हणजे मशीनमध्ये भरायच्या मापाच्या दुरुस्तीला, हात फक्त सेटरने, म्हणजे मशीन लावून देणाऱ्याने लावायचा, असं त्याला सांगितलंय. हेच तीन वर्षं चाललं तर हाताला वेग येईल, पण दुसरीकडे मुलाखतीला गेल्यावर सांगण्यासारखं फार काही नसेल. तेच व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारं धातू कापायचं मशीन, भोसरीतही आहे. तिथे तो ड्रॉइंग वाचेल, टूल निवडेल, पहिला जॉब मायक्रोमीटरने मोजून ऑफसेट स्वतः देईल.

माणसं तीच असतानाही जागेमुळे किती फरक पडतो, याचं एक उदाहरण मी पालकांना नेहमी सांगतो. कॅलिफोर्नियात फ्रिमॉन्टला जनरल मोटर्सचा कारखाना होता. कामगार गैरहजर, गाड्या सदोष, युनियन आणि व्यवस्थापनात रोजची भांडणं. १९८२ मध्ये तो बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत तिथेच काम पुन्हा सुरू झालं. बहुतेक कामगार जुनेच घेतले, युनियनही तीच. काही जणांना जपानला नेऊन शिकवलं. पूर्वी काहीही झालं तरी लाइन थांबवायची नाही, असा दंडक होता. आता दोष दिसला की कामगाराने दोरी ओढायची, टीम लीडर लगेच येणार, वेळेत सुटलं नाही तर लाइन थांबणार. थोड्याच काळात त्याच माणसांच्या हातून उत्तम दर्जाच्या गाड्या बाहेर पडू लागल्या आणि गैरहजेरीही खूप घटली.

म्हणून मुलाला दोन्हीकडे एकच प्रश्न विचारायला सांगा: जॉब रिजेक्ट झाला, म्हणजे बनवलेला तुकडा तपासणीत नापास झाला, की पुढे काय होतं? सुपरवायझर चारचौघांत झापतो, पगार कापतात, असं असेल तर पोरं बिघडलेला पीस लपवतात. मग चूक कुठे झाली हे त्याला कळत नाही आणि पुढच्या शिफ्टचा मुलगा तीच चूक पुन्हा करतो. शिकणंही बुडतं आणि टीमचं कामही. आत हे कोणी खरं सांगणार नाही असं वाटलं, तर शिफ्ट सुटताना गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर उभं राहावं. तिथे सगळं कळतं.

मोठा कारखाना म्हणजे वाईट, असं मात्र मुळीच समजू नका. चांगल्या कारखान्यांत शॉप फ्लोअरवर स्किल मॅट्रिक्सचा फळा असतो. आडव्या ओळीत कामगाराचं नाव, वर मशीनची नावं आणि प्रत्येक चौकटीत चार भागांचं वर्तुळ. जितकं काम येतं तितके भाग भरलेले. बहुतेक ठिकाणी पूर्ण भरलेलं वर्तुळ म्हणजे तो दुसऱ्याला शिकवू शकतो. चाकणला असा फळा आहे का, त्यावर कंत्राटी मुलांची नावं आहेत का आणि खाली तारीख कधीची आहे, हे त्याने बघावं. नावं असतील आणि तारीख ताजी असेल, तर चाकणचा विचार नव्याने करा. छोट्या टूल रूममध्येही दिवसभर आरडाओरडा करणारे मालक असतात, हेही लक्षात असू द्या.

मला विचाराल तर, रिजेक्शनच्या प्रश्नाला भोसरीत सरळ उत्तर मिळालं तर भोसरी. सात हजारांचा फरक छोटा नाही, हे मला कळतं. घरावर कर्जाचा हप्ता असेल तर चाकण घ्या, त्यात कमीपणा काहीच नाही. फक्त सेटरच्या हाताखाली किंवा क्वालिटीत कधी घेणार, हे त्याने रुजू होतानाच विचारावं आणि वर्षभरात तसं झालं नाही तर दुसरीकडे अर्ज करायला लागावं.

दोन्हीपैकी काहीही ठरवलं तरी नेमणूकपत्र आणि पीएफचा नंबर मागून घ्या. भोसरीच्या १५ हजारांत ओव्हरटाइम धरलाय की तो वेगळा, हेही लेखी घ्या.