वॉरबर्डचे (जुन्या लढाऊ विमानाच्या प्रतिकृतीचे) आरसी, म्हणजे रिमोटवर उडणारे, किट सहज जुळेल आणि गाडीत मावेल असे कसे डिझाइन करावे?

साधारण १.५ मीटर पंखविस्तार धरतो. पंख दोन सुट्या भागांत करा आणि मध्ये कार्बनची जोडनळी घाला. नळी प्रत्येक पंखात किमान तीन रिबांपर्यंत (पंखाला आकार देणाऱ्या आतल्या फळ्या) आत जाऊ द्या. सगळा भार पहिल्या रिबवर आला तर जोरकस वळणात तीच फाटते. म्हणून ती ३ मिमी प्लायची, पुढच्या बाल्साच्या (अगदी हलक्या लाकडाच्या). मागच्या बाजूला एक पिन हवीच, नाहीतर पंख नळीभोवती फिरून डाव्या-उजव्याचा कोन बदलतो. पंख बाहेर सरकू नयेत म्हणून नायलॉन बोल्ट. डायहेड्रल (पंख टोकांकडे वर उचललेले) जास्त असेल तर सरळ नळी बसवणे अवघड जाते, कोनात कापलेली प्लायची जोडपट्टी वापरा.

भाग एकमेकांत बसवायच्या खाचा कापण्यापूर्वी प्लायची खरी जाडी कॅलिपरने मोजा, ३ मिमीचा तक्ता नेमका ३ मिमी क्वचितच असतो. डाव्या-उजव्या भागांच्या खाचा मुद्दाम वेगळ्या अंतरावर ठेवा, म्हणजे भाग उलटा बसणारच नाही.