आईला मल्टिव्हिटॅमिन देऊ का?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर. आई ६२ वर्षांची, पक्की शाकाहारी, अंडंही चालत नाही. शुगरसाठी ९-१० वर्षं मेटफॉर्मिन चालू आहे. गेले सहा महिने सारखं रडू येतं म्हणते, देवघरात बसली की बसूनच राहते, परवा आमटीत मीठ दोनदा घातलं. डिप्रेशनची गोळी सुरू होऊन तीन आठवडे झाले. पण मावशी म्हणते त्या गोळ्यांची सवय लागते, बंद कर आणि मल्टिव्हिटॅमिन नि व्हिटॅमिन डी ची पाकिटं दे. काय करू? (नाशिकहून एक वाचक)

उत्तर: आधी ती गोळी. मनाने बंद करू नका हो. नीट फरक पडायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि अचानक थांबवली की चक्कर, मळमळ, घाबरल्यासारखं होतं आणि मग घरातले म्हणतात बघा, लागली ना सवय!

पण मावशींचं सगळंच चूक नाही बरं का. शाकाहारी आणि वर इतकी वर्षं मेटफॉर्मिन, म्हणजे बी १२ कमी असण्याची शंका घ्यायलाच हवी. हे बी १२ पालेभाजीत नसतं, शाकाहारी माणसाला जे मिळतं ते मुख्यतः दूध, दही, ताक, पनीरमधून आणि मेटफॉर्मिनमुळे ते शरीरात शोषलं जाणं कमी होतं, त्यात पित्तावर रोज पॅन्टोप्राझोल असेल तर आणखीच. कमी पडलं की उदासी, चिडचिड, विसराळूपणा, सगळं येऊ शकतं. आईला विचारा, तळपायाला मुंग्या येतात का, अंधारात चालताना तोल जातो का. आपल्याकडे मुंग्या म्हणजे शुगरच असं धरून चालतात आणि बी १२ कोणी तपासतच नाही.

म्हणून आधी रक्त तपासा, मग गोळी. सीरम बी १२, हिमोग्लोबिन आणि टीएसएच, कारण थायरॉईड मंदावलं तरी माणूस असाच खचतो. मल्टिव्हिटॅमिन चालू करून मग टेस्ट केली तर आकडा फुगून येतो आणि खरं काय ते झाकलं जातं. शिवाय त्यातल्या फॉलिक ॲसिडने रक्त सुधारलेलं दिसतं पण बी १२ कमी असेल तर नसांचं नुकसान चालूच राहतं. बी १२ चा आकडा २०० च्या खाली आला तर इंजेक्शन की गोळ्या ते डॉक्टर ठरवतील.

डी ची पाकिटं म्हणाल तर ती ६०,००० युनिटची, सहसा आठवड्याला एक आणि तीही ठरावीक आठवडे. माझ्याकडे एक आजोबा ताकद येते म्हणून रोज एक घ्यायचे, कॅल्शियम इतकं चढलं की बोलणंच असंबद्ध झालं आणि घरच्यांना वाटलं वेड लागलं. आणि डी ने डिप्रेशन टळतं का, तर अमेरिकेत पन्नाशीपुढच्या १८,००० हून जास्त लोकांना पाचेक वर्षं रोज डी किंवा औषध नसलेली नुसती साखरेसारखी गोळी देऊन पाहिलं, २०२० मध्ये निकाल आला, काही फरक नाही. कमी असेल तर भरून काढा, पण हाडांसाठी.

जाताना घरातली सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या, आयुर्वेदिकसुद्धा. जगून काय करू असं आई बोलली तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, लगेच हॉस्पिटल गाठा, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा, फुकट आहे, २४ तास, मराठीतही बोलतात. आणि ते मीठ दोनदा पडल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा, लोकांचं नेमकं तेच सांगायचं राहून जातं.