ग्राहक ब्रोकरेज द्यायला तयार नाहीत, घरांच्या एजंटने आता काय करावं?

तुम्ही विचारलंय की अ‍ॅपवर मालकाचा नंबर थेट मिळत असताना ब्रोकरेज कसं टिकवायचं. माझं मत स्पष्ट आहे. फ्लॅट दाखवण्याचे पैसे मागणं सोडा. कागद तपासून व्यवहार तडीस नेण्याचे मागा, आणि आकडा पहिल्याच भेटीत लिहून द्या.

मी डोंबिवलीत रिसेलचं काम करते. ऑफिस मोठ्या दिरांसोबत आहे. भाऊजींचा खाक्या जुना: दोन्ही पार्ट्यांकडून एकेक टक्का, आणि टोकन होईपर्यंत रकमेचा विषय काढायचा नाही. यावरून आमचं कायम वाजतं.

गेल्या वर्षी एक जोडपं आलं. वन बीएचके त्यांनी स्वतःच शोधलेला, भावही ठरवलेला. फक्त अ‍ॅग्रीमेंट करून हवं होतं. भाऊजी म्हणाले, "टक्का देत असतील तर बसव, नाहीतर जाऊ दे." मी ठरावीक फी सांगितली, निम्मी कागद तपासताना आणि निम्मी रजिस्ट्रेशनच्या दिवशी, आणि फाईल मागवली. शेअर सर्टिफिकेटच्या, म्हणजे सोसायटीच्या सदस्यत्वाच्या दाखल्याच्या, मागे शेवटचं नाव घर विकणाऱ्या मुलाचं, इंडेक्स टू, म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा सरकारी उतारा, मात्र वडिलांच्या नावाचा. वडील वारलेले, मुलगा नॉमिनी म्हणून सोसायटीत चढलेला. सोसायटीने नाव लावलं म्हणजे घर माझं, असं तो ठासून सांगत होता. सहकार कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार वारस ठरेपर्यंत नॉमिनी हा तात्पुरता सदस्य असतो, मालक नव्हे. भावंडं विचारली तर नाशिकला दिलेली बहीण निघाली, शिवाय आई हयात. दोघींचं हक्कसोडपत्र नोंदवल्याशिवाय टोकन देऊ नका, असं मी जोडप्याला बजावलं. मुलाने टेबलावर फाईल आपटली. "नंबर अ‍ॅपवर मिळाला, यांचा संबंध काय?" पुढे बँकेच्या वकिलानेही तेच हक्कसोडपत्र मागितलं. मायलेकी निबंधक कार्यालयात येऊन सह्या करून गेल्या, मगच व्यवहार झाला. फी एका पैशाची घासाघीस न होता मिळाली.

भाड्याचं म्हणाल तर लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाड्याचा करार, लेखी आणि नोंदणीकृत असणं ही भाडे नियंत्रण कायद्याने मालकाची जबाबदारी आहे. मग नोंदणीचे पैसे मालकाकडे मागा, दरवेळी भाडेकरूलाच का पिळायचं?

हो, नव्या प्रोजेक्टचं गणित वेगळं. तिथे ब्रोकरेज बिल्डर देतो, महारेरा, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण नियामक प्राधिकरणाकडे, एजंटची नोंदणी हवीच, आणि २०२३ मध्ये आलेल्या नियमाने प्रशिक्षण आणि परीक्षाही. उलाढाल वर्षाला २० लाखांच्या वर गेली की १८ टक्के जीएसटी लागतो, तो धरूनच फी सांगा. आणि व्यवहार मोडला तर तपासणीची रक्कम परत मिळणार नाही, हेही लेखी घ्या.

भाऊजी म्हणतात, अशा फीने एजंटच एजंटचा भाव पाडतात. भाव पाडला तो टोकन झाल्यावर आकडा सांगणाऱ्यांनी. एका फ्लॅटचं ब्रोकरेज चारजण वाटून घेतात आणि इंडेक्स टू एकानेही उघडलेला नसतो. तिथे ग्राहकाने पैसे कशाचे द्यायचे, ते त्यांनी मला सांगावं.